बिरादार बाईंनी पोचवलेलं भाषण

बिरादार बाई आठवल्या की त्या मला एकट्या दिसतच नाहीत, कायम दोन माणसांच्या मधे उभ्या दिसतात. एका बाजूला मराठी बोलणारं माणूस, दुसऱ्या बाजूला तेलुगू बोलणारं, आणि मधे बाई, डोळे मिटून, उजव्या हाताचं एक बोट वर करून. बोलणारा लईच पळायला लागला की ते बोट हलायचं. "थांब. एवढं पोचवू दे." भाषांतर हा शब्द त्यांनी आम्हाला शाळेत शिकवला, पण स्वतःच्या या कामाला त्या पोचवणंच म्हणायच्या, पत्र पोचवतात तसं.

काचीगुड्यात आमच्या बिल्डिंगमधे खालची एक खोली त्यांची. गाव भालकीकडचं, घरी शेती, पण त्या शिकायला म्हणून लहानपणी हैदराबादला मामाकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलं. लग्न केलं नाही, का ते कुणी विचारलं नाही, विचारायची कुणाची छातीच नव्हती. कडक इस्त्रीचं सुती पातळ, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, तोंडात खोकल्याची गोळी. भाजीवाल्याशी तेलुगूत भांडायच्या, रिक्षावाल्याशी दख्खनीत, आणि भांडण जिंकलं की हल्लूच स्वतःशी मराठीत म्हणायच्या, "बरं झालं."

दवाखान्यात कुणाची म्हातारी न्यायची असली, डॉक्टर तेलुगू असला, की बाईंना बोलवायचे. सोयरिकीच्या बोलण्याला बाई. रेशन ऑफिसात बाई. मी नववीत नापास झाले नि शाळा सुटली, लग्न होऊन नशिबानं बाईंच्याच बिल्डिंगमधे आले, तर माझ्या लेकीच्या, चिन्नीच्या लशीचं कार्डसुद्धा बाईच वाचून द्यायच्या, कारण मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही, आणि मराठी वाचता येतं पण जोडाक्षर आलं की मी अडखळते. बाई म्हणायच्या, "अश्वे, अडखळ, पण गिळू नको. पूर्ण वाच."

आता त्यांची पोचवायची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरनंच झालं.

बाई शिवी पोचवायच्या नाहीत. कुणाचीच. एकदा माझ्या सासूबाईंचं नि खालच्या तेलुगू अम्माचं वाळत घातलेल्या कपड्यांवरनं जुंपलं. सासूबाई गॅलरीतनं ओरडल्या, "बाई, तिला म्हणा तुझ्या तोंडात माती पडो!" बाईंनी डोळे मिटले, बोट वर केलं आणि तेलुगूत सांगितलं, "ती म्हणते, वरून तुमच्या कपड्यांवर माती पडते, तिला फार वाईट वाटतं." अम्मा काहीतरी पुटपुटली, ते मला कळलं, ते काही चांगलं नव्हतं, पण बाई वर बघून म्हणाल्या, "त्या म्हणतात, तुम्हीच मोठ्या, तुम्हीच सांभाळून घ्या." सासूबाईंचा चेहरा असा झाला की विचारू नका. संध्याकाळी अम्माकडनं पुलिहोराची, म्हणजे चिंचेच्या भाताची, वाटी वर आली. मी जिन्यात बाईंना म्हणलं, "बाई, मला दोन्ही कळतं हं." तर म्हणाल्या, "कळतं ना? मग तोंड बंद ठेव."

पण शाळेत त्यांचं असं नव्हतं. मी सहावीत असताना बसस्टॉपवर ऐकलेली एक दख्खनी शिवी वर्गात एका पोरीला दिली होती. मला तिचा अर्थ माहीत नव्हता, आवाज तेवढा आवडला होता. बाईंनी मला मारलं नाही. टेबलापाशी बोलावून एकेका शब्दाचा मराठीत अर्थ सांगितला, कुणाची आई, तिचं काय, सगळं, अगदी कविता समजावतात त्या आवाजात. मी रडायला लागले. म्हणाल्या, "आता कळली. कळल्यावरही द्यायची असेल तर जाऊन दे." मी आजपर्यंत दिली नाही.

म्हणजे लेकरांना त्या अर्थ सांगायच्या, आणि मोठ्यांचा अर्थ झाकायच्या. हे मला तेव्हा खटकलं नाही. मला वाटायचं, मोठ्या माणसांना शिकवून काय उपयोग, म्हणून झाकत असतील.

मग वार्डाचं इलेक्शन आलं.

आमच्या इकडनं अण्णा उभे होते. अण्णांची गाडी चिन्नीचे पप्पा चालवायचे, अजून चार पोरं होती पण लांबच्या गावाला जायचं असलं की अण्णा त्यांनाच न्यायचे. खोलीचं भाडं, चिन्नीचं दूध, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं त्या स्टेअरिंगवर चालायचं, हे मी आधीच सांगून ठेवते. अण्णांच्या समोर पद्मा अक्का उभी होती. बरकतपुऱ्यात तिचं ब्लाउज शिवायचं दुकान, नवरा सोडून गेलेला, एक पोरगी कॉलेजात. माझ्या लग्नाचं ब्लाउज तिनंच शिवलेलं. बोलायला धीट बाई. पाण्याच्या लाइनीसाठी तिनं ऑफिसात जाऊन दोन दिवस ठाण मांडलं होतं, म्हणून बायका तिला मानायच्या.

मराठी मतं फुटू नयेत म्हणून अण्णांनी महाराष्ट्रातनं एक साहेब बोलावले. मोठे साहेब, टीव्हीवर दिसणारे. त्यांना तेलुगूचं अक्षर येत नव्हतं आणि समोर अर्धे लोक तेलुगू, मग पोचवणार कोण? बाई. अण्णा स्वतः खोलीवर आले, बाई लाजल्या थोड्या, हे मी पाहिलं. साठी उलटून गेलेली बाई, पण स्टेज म्हणलं की कुणालाही बरं वाटतं.

पहिली सभा मला चांगली आठवते. साहेब बोलायला लागले नि पाच मिनिटात पद्मा अक्कावर घसरले. टवळी म्हणले, भवानी म्हणले, "सुईदोरा सोडून खुर्चीत बसायची हौस आलीय हिला" म्हणले, आणि मधे मधे असं काय काय की माझ्या शेजारच्या बाईनं पदर तोंडाला लावला, पण हसत होती ती, पदराआड हसत होती. मराठी लोक हसत होते सगळे. आणि बाई डोळे मिटून तेलुगूत सांगायच्या, "साहेब म्हणतात, पद्मा गारू शिवणकामात हुशार आहेत, पण वार्डाचं काम वेगळं असतं." तेलुगू लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. साहेबांना वाटलं आपल्याच बोलण्याला टाळ्या, ते अजून चढले. घरी येताना चिन्नीचे पप्पा पोट धरून हसत होते, "टीचरनं काय धुतलं गं सगळं! लाँड्री टाकायला पाहिजे त्यांनी." मीही हसले. खोटं का बोलू, मीही हसले.

चार दिवसांनी मी चिन्नीला घेऊन बाईंच्या खोलीत बसले होते तर दारात पद्मा अक्का. आत ये म्हणलं तरी आली नाही, उंबऱ्यावरच थांबली. तिच्या पोरीची एक मराठी मैत्रीण होती कॉलेजात, तिनं साहेबांचं सगळं सांगितलं होतं, शब्दन् शब्द. अक्का ओरडली नाही. तेलुगूत म्हणाली, "टीचर, तुम्हाला वाटलं तुम्ही माझ्यावर पांघरूण घातलं. पांघरूण त्याच्यावर पडलं. माझी माणसं त्याला टाळ्या वाजवून घरी गेली. मला दोन दिवस कळलंच नाही की मराठी लोक माझ्या दुकानापुढनं जाताना हसतात कशाला."

बाई म्हणाल्या, "मला वाटलं, भांडण नको वाढायला."

अक्का म्हणाली, "भांडण कुठं होतं? मारणं होतं. एकानंच मारलेलं." आणि गेली.

बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. चिन्नी त्यांच्या घड्याळाशी खेळायली होती, तिच्याकडंही लक्ष नाही. मग म्हणाल्या, "अश्वे, मी इतकी वर्षं काय पोचवत होते गं?" मी म्हणलं, "बाई, तुम्ही चांगलंच केलं, माणसं जोडली." त्या म्हणाल्या, "जोडली का ते बघायला पाहिजे एकेकाला विचारून." मला भीती वाटायला लागली ती तिथनं.

प्रचार संपायच्या आदल्या दिवशी साहेब परत येणार होते. अण्णा परत खोलीवर आले. मला वाटलं बाई नाही म्हणतील, मी मनातनं देवाला हेच म्हणायले होते. बाई लगेच हो म्हणल्या. फक्त एवढंच म्हणल्या, "अण्णा, एक सांगून ठेवते. साहेब जे बोलतील तेच मी पोचवीन. कमी नाही, जास्त नाही. त्यांना सांगा."

अण्णा हसले. "अरे टीचर, वहीच तो काम है ना आपका!"

"सांगा मात्र," बाई म्हणाल्या. "माझ्याकडून सांगितलं म्हणून सांगा."

सांगितलं का नाही, अण्णांनाच माहीत.

सभेला चिन्नीच्या पप्पांनी मला पुढच्या लाइनीत खुर्ची दिली. ऊन उतरायलं होतं. मी मांडीवर चिन्नी, हातात फोन, बाईंचा व्हिडिओ काढत होते, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायला. फोन धरायचं कारण एवढंच.

साहेब पाण्यावर बोलले, रस्त्यावर बोलले, बाईंनी पोचवलं. मग साहेबांनी बाह्या सारल्या. म्हणले, "कापडं शिवायचं निमित्त आहे, दुकान बंद झाल्यावर ही कुणाकुणाची मापं घेते ते विचारा हिला! ही बाजारबसवी तुमचा वार्ड चालवणार?"

मराठी लोक हसले. बाईंनी डोळे मिटले. बोट वर केलं. मी बाईंचे ओठ बघत होते, मला वाटलं आता शिवणकाम येईल, हुशार आहेत येईल. बाईंनी सगळं तसंच सांगितलं. निमित्त, दुकान बंद झाल्यावर, मापं, आणि तो शब्द, तेलुगूत जो त्याला शब्द आहे तोच, बजारुदी. वर्गात धडा वाचतात त्या आवाजात. एक अक्षर गिळलं नाही.

तेलुगू बाजूच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

साहेबांना काय कळंना. टाळ्या नाहीत, हसू नाही. ते माइकवरच बाईंना म्हणले, "जोरात सांगा हो बाई, ऐकू गेलं नाही वाटतं यांना."

आणि बाईंनी जोरात सांगितलं.

तिसऱ्या लाइनीतली एक म्हातारी उठली. काही बोलली नाही, खुर्चीची पाठ धरून उठली आणि चालायला लागली. तिच्यामागं दोघी. मग रांगच लागली. बाप्ये पण उठले. एकजण स्टेजकडं बघून "छी!" म्हणला. मराठी लोकांचं हसू तोंडातच राहिलं, कारण आता शेजारचा तेलुगू माणूस त्यांच्याकडं बघत होता. साहेब अण्णांना विचारतायत काय झालं, अण्णांचं तोंड पांढरं. बाई तशाच उभ्या, पुढच्या वाक्याची वाट बघत, बोट खाली, डोळे मिटलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक फोनमधे एक व्हिडिओ आला. त्यात साहेब नव्हतेच. फक्त बाई, माइकपुढं, जोरात, तो शब्द. कुणीतरी पुढचं मागचं कापून टाकलं होतं. खाली लिहिलेलं, मराठी टीचरनं आमच्या आडबिड्डेला, म्हणजे आमच्या लेकीला, स्टेजवरनं गाली दिली. अण्णांची माणसं गल्लीत सांगत फिरली, साहेब असं काहीच बोलले नव्हते, टीचरनं मनानं घातलं, म्हातारपणात डोकं फिरलंय. सभेचं सगळं शूटिंग त्यांच्याकडंच, ते कोण बघणार? आणि पद्मा अक्काच्या पार्टीतल्या लोकांनी कंप्लेंट दिली ती बाईंवर. साहेबांवर द्यायची हिंमत कुणाची? बाई एकटी, रिटायर, म्हातारी. सोपी.

त्या दिवसापासनं आमच्या बिल्डिंगमधली माणसं जिन्यात बाई दिसल्या की मान खाली घालून चपला शोधायला लागली. ज्यांच्या सोयरिकी बाईंनी जमवल्या ती माणसं. पुलिहोरावाल्या अम्मानं दार लावून घेतलं. मराठी लोकांनी तर साहेबांचं सगळं स्वतःच्या कानानं ऐकलेलं. पन्नास घरं असतील. एक बोललं नाही. मी पण त्या पन्नासातच.

दुपारी चिन्नीचे पप्पा आले ते चप्पल न काढता आत आले. "तुझा फोन दे. व्हिडिओ काढला का नाही काल?"

"काढला."

"पुढच्या लाइनीत बसलेल्या सगळ्यांचे फोन बघायलेत अण्णांची पोरं. मी सांगितलं माझ्या बायकोनं काही काढलं नाही. डिलीट कर. आत्ता. माझ्यासमोर."

"पण बाई..."

"बाई आपलं भाडं भरणारेत का? तुला माहिताय ना ते लोक कसे आहेत? पोरगी आहे आपल्याला."

मी करायलाच निघाले होते हो. मला शूर समजू नका. त्यांच्याकडं बघतच घाईत अंगठा दाबत गेले, काय दाबलं मला दिसलंच नाही, कचऱ्याच्या डब्याचं चित्र आलं, हो म्हणलं, गेलं. त्यांनी लांबनं बघितलं, बरं म्हणले, पाणी प्याले, गेले. मग मी बाथरूममधे कडी लावून बघितलं तर सभेचा व्हिडिओ होता तिथंच. त्याच्या शेजारचा गेला होता, चिन्नी पहिल्यांदा चालली तो. मी तोंडात ओढणी कोंबून रडले. कशासाठी रडले ते नक्की सांगता येत नाही.

दोन दिवस मी तो फोन तांदळाच्या डब्यात ठेवला. बेल वाजली की मी आधी डब्याचं झाकण बघायची. एकदा दोन पोरं आली, सासूबाईंना विचारून गेली, "वहिनी है क्या?" मी पलंगामागं चिन्नीचं तोंड दाबून बसले. बाईंनी मला एकदाही विचारलं नाही. त्यांनी स्टेजवरनं मला फोन धरलेलं बघितलं होतं, मला पक्कं माहीत आहे. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या लशीची तारीख जवळ आलीय, विसरू नको." एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाली पोलिसची बाई आली. मी गॅलरीतनं बघितलं. बिरादार बाई कुलूप लावून निघाल्या, कडक पातळ, खांद्याला पिशवी, जीपमधे नाही बसल्या, चालत निघाल्या, पोलिसीण मागनं. गल्लीत सगळ्या खिडक्यांचे पडदे हलायले होते. एक माणूस बाहेर आला नाही. जिच्याशिवाय या गल्लीत पान हलत नव्हतं, तिच्यासोबत चालायला कुणी नाही.

मी तांदूळ सांडले. चिन्नीला कडेवर घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "कुठं निघालीस गं? अश्विनी! त्याला फोन करीन मी!" मी म्हणलं, "करा." घरातल्या चपला तशाच पायात होत्या.

ठाण्यात बाई बाकावर बसल्या होत्या. टेबलामागं एसआय, म्हणजे फौजदार, तेलुगू माणूस, रागीट नव्हता, कंटाळलेला होता. मला बघून म्हणला, "क्या अम्मा, कायकू आये?"

मी फोन पुढं केला. त्यानं व्हिडिओ लावला. साहेबांचा आवाज त्या खोलीत आला, मापं घेते, बाजारबसवी, जोरात सांगा हो बाई. एसआयनं दोनदा लावला. "ये तो मराठी में बोलरा. क्या बोलरा इने?"

बाईंनी तोंड उघडलं. सवयच ती. एसआयनं हात वर केला. "आप नक्को टीचर. आपके उपर कंप्लेंट है, आपका बोला हुआ नै चलता." मग माझ्याकडं बघून तेलुगूत, "नुव्वु चेप्पम्मा. तू सांग. ही लिहून घेईल." पोलिसीण वही घेऊन बसली.

मी. नववी नापास. समोर खाकी कपडे, कडेवर पोरगी, आणि बाहेर कुणाची गाडी थांबली की मला ती अण्णांचीच वाटायली. मी म्हणलं, "सर, ते म्हणतात... ती बाई चांगली नाही."

"अंतेना? एवढंच?" एसआय टेकून बसला. "एवढंच म्हणला असेल तर तो शब्द टीचरनंच घातला की."

मी झाकलं तर बाई अडकत होत्या. मी बाईंकडं बघितलं. बाई माझ्याकडं बघतच नव्हत्या, चिन्नीकडं बघत होत्या. चिन्नी त्या वयात होती, जे ऐकेल ते तसंच बोलून दाखवायची. बाई उठल्या, हात पुढं केले. एसआयला म्हणाल्या, "लेकराला मी व्हरांड्यात नेते. तिनं हे ऐकायची गरज नाही." आणि मला, "तू सांग. घाई नको."

स्वतःच्या सुटकेची साक्ष चाललेली, आणि त्या लेकराला घेऊन बाहेर गेल्या. खिडकीतनं मला त्यांची पाठ दिसायली. जप्तीच्या धूळ बसलेल्या मोटरसायकली चिन्नीला दाखवत होत्या.

मी सांगितलं. निमित्त, दुकान, मापं, सगळं. तो शब्द आला तेव्हा मी अडखळले, पण सांगितला, बजारुदी. पोलिसीण म्हणली, "मल्ली चेप्पु, परत सांग, हळू." मी परत सांगितला. एसआय म्हणला, आणि जोरात सांगा म्हणला तेही सांग. तेही सांगितलं, मग तो शब्द परत. पोलिसीण पण बाईमाणूसच, लिहिताना तिनं वर बघितलं नाही. एसआयनं फोनमधला व्हिडिओ स्वतःच्या कॉम्प्युटरवर घेतला. म्हणला, "टीचरको बोलो घर जाव. बाकी हम देखते."

बाकी काय देखलं ते कुणी बघितलं नाही. साहेब अजून टीव्हीवर बोलतात, तसंच बोलतात. पण बाईंवरची कंप्लेंट तिथंच मिटली, एवढं खरं.

मी बाहेर आले तर गेटात चिन्नीचे पप्पा, बाइक चालूच. ते उतरले, बाईंकडं न बघता बाईंच्या हातातनं चिन्नीला ओढून घेतलं. "बस गाडीवर. माझ्या ताईकडं जायचंय, नल्लकुंट्याला. आत्ता. घरी नाही जायचं." त्यांचा आवाज फुटला होता. ते रागात होते असं मला तेव्हा वाटलं, ते घाबरले होते. त्यांचं काम त्याच दिवशी गेलं. आम्ही ताईंकडं दीड महिना राहिलो, परत आलो तर बाईंच्या खोलीला दुसऱ्याचं कुलूप, भाचा येऊन भालकीला घेऊन गेला म्हणे. मी नंबर लावते, लागत नाही. अजून अनोळखी नंबर आला की मी उचलत नाही, आणि मग वाटतं, बाईंचा असला तर?

त्या दिवशी गेटात मी गाडीवर बसायच्या आधी बाईंनी माझं मनगट धरलं.

"पूर्ण सांगितलंस?"

"हो बाई."

"किती वेळा?"

"तीनदा. ते लिहून घेत होते म्हणून..."

बाईंनी पिशवीतनं पाण्याची बाटली काढली, झाकण काढून माझ्या हातात दिली. "चूळ भर."

चिन्नीचे पप्पा हॉर्न दाबायले होते. मी गटारीच्या कडेला वाकले, चूळ भरली, एकदा, दोनदा. बाटली परत दिली. गाडी निघाली. वळणावर मी मान वळवून बघितलं, तर गेटाच्या भिंतीला एक हात टेकून, पातळाचा पदर दुसऱ्या हातात गोळा करून बाई वाकल्या होत्या, आणि उरलेल्या पाण्यानं स्वतः चूळ भरत होत्या.